खैरानची बोय

कुवेतमध्ये हवल्लीत आमचं घर अब्बांच्या दुकानाच्या बरोबर वर होतं. दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी, जिथे कपड्यांपेक्षा कबुतरंच जास्त असायची. अब्बा दिश्दाशा, म्हणजे अरबांचे पायघोळ झगे, शिवायचे. खाली त्यांचं मशीन चालू असलं की वरच्या फरशीला बारीक कंप यायचा. अनवाणी उभी राहिले की माझ्या तळपायांना कळायचं, अब्बा कामात आहेत. कंप थांबला की दुपार झाली, अब्बा जेवायला वर येणार. मग जिन्यावर चपलांचा आवाज. बारा पायऱ्या होत्या. बाराव्या पायरीच्या आत मी हातातलं काम टाकून स्वयंपाकघरात, मीठ-मसाल्याच्या कपाटाआड जाऊन उभी राहायची. अब्बा जेवून, हात धुऊन, थोडे आडवे होऊन पुन्हा खाली जायचे. फरशी पुन्हा थरथरू लागली की मी बाहेर यायची.

मी त्यांना घाबरत होते असं नाही. ते माझ्यावर कधी रागावले नाहीत. पण मी त्यांना ओळखतच नव्हते. मी चार वर्षांची असताना अब्बा आणि आई कुवेतला आले आणि मला फुफूकडे, म्हणजे अब्बांच्या मोठ्या बहिणीकडे, गावाला ठेवलं. दोन वर्षांतून एकदा दोघं महिनाभर यायची. बॅगेत साबण, खजूर, माझ्यासाठी चमचमता फ्रॉक. मला त्यांची थोडी सवय व्हायला लागली की परत जायची वेळ यायची. पुढे फुफूला दिसेनासं झालं, तिच्या मुलीने तिला आपल्या सासरी नेलं, आणि चौदाव्या वर्षी मला विमानात बसवून इथे आणलं. माझे स्वतःचे आई-बाप, आणि मी त्यांच्या घरात पाहुण्यासारखी. आईशी मी निदान कुजबुजून बोलायची. अब्बांशी चार महिन्यांत एक शब्द बोलले नव्हते.

आज माझी नात सना फोनवर जगाशी बोलते, दारावर आलेल्या माणसाशी बोलते, लिफ्टमधल्या अनोळखी बाईशीसुद्धा बोलते. मी तिला हे सांगितलं तर ती हसून इंग्रजीत काहीतरी म्हणते आणि माझ्या गालाचा मुका घेऊन जाते. म्हणून मी हे वहीत लिहिते आहे. वहीला घाई नसते.

गावाला आमच्या घरामागून वहाळ जायचा. रुंदीला दोन बाया हात धरून उभ्या राहतील एवढाच. पण पाणी असं निवळ की तळाचे गोटे मोजावेत. पुढे तो खाडीला मिळायचा आणि भरतीला खाडीचे मासे वर चढून यायचे. गावातले बाप्ये होड्या घेऊन समुद्रात जायचे, जाळी टाकायचे. वहाळातली मासळी म्हणजे बायकांचं काम. तिला बाप्ये मासेमारी म्हणतच नसत. फुफूची काठी घराच्या वळचणीला खोचलेली असायची. गळाच्या दोरीला ती बगळ्याच्या पिसाची दांडी बांधायची. ती दांडी पाण्यावर उभी राहायची, माशाने खालून तोंड लावलं की आधी थरथरायची, मग तिरकी व्हायची, आणि मग एकदम नाहीशी. "थरथरली तर गप ऱ्हा," फुफू सांगायची. "तिरकी झाली तरी गप ऱ्हा. बुडाली की मग." माझं गप्प राहणं जगात एकाच जागी कामाला यायचं, ते त्या वहाळावर. तिथे मला कोणी मुकी म्हणत नव्हतं.

हवल्लीत पाणी म्हणजे नळाचं. खिडकीखाली रस्ता, समोर दुसरी इमारत, तिच्या खिडक्यांतून टपकणारी वातानुकूलनाची यंत्रं. आई दुपारी तांदळाच्या रोट्या करायची, त्यांचा वास मात्र अगदी गावचा होता. मी तिच्या शेजारी बसून नुसती बघायची.

एका संध्याकाळी मी पडद्यामागे कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि अब्बा आईशी हळू आवाजात बोलत होते. मी तिथे आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"ती माज्याशी बोलत नाय, सकिना. मी आलो की आत जाते. खात नाय. पाण्यावर वाढलेली पोर, तिला आपन या डब्यात आनून ठेवलंय."

"रुळेल," आई म्हणाली.

"चार महिने झाले. आपल्याला हवी म्हनून तिला कोंडून ठेवायची का? खैरूनभाभी महिनाअखेर गावाला चाललीय. तिच्यासोबत पाठवू. तिथं माज्या भावाच्या घरात पोरीबाळी हायत, तिला बरं वाटेल."

आईने नाक ओढल्याचा आवाज आला.

मी घडी घातलेली चादर पुन्हा उलगडली आणि तोंडाशी धरली. गावच्या चाचाच्या घरी मला कोणी मारलं नसतं, उपाशी ठेवलं नसतं. पण मला जायचं नव्हतं. दहा वर्षं मी यांची वाट बघितली होती. मला इथेच राहायचं होतं, त्या थरथरणाऱ्या फरशीवर. एवढंच जाऊन सांगायचं होतं: अब्बा, मला पाठवू नका. चार शब्द. मी पडद्यापर्यंत गेलेही. मग अब्बा खोकले आणि मी मागे सरले. महिनाअखेरीला तीन शुक्रवार उरले होते.

शुक्रवारी आम्ही खैरानला जायचो. थंडीचे दिवस, दुकानं बंद. दाऊदचाचा आमच्याच गावचे, त्यांचं बाजूला मसाल्याचं दुकान आणि एक जुना वॅनेट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली छोटी मालवाहू गाडी. पुढे बायका दाटीवाटीने, मागे सतरंज्या, पुलावाची डेग आणि बाप्ये. तासाभराने डांबर संपायचं, वाळू लागायची आणि मग अचानक तो खोर दिसायचा. समुद्राचं पाणी जमिनीत वाट काढून आत आलेलं, वळणं घेत गेलेलं, जागोजागी आमच्या वहाळाएवढंच अरुंद. तळ पांढराशुभ्र. भरतीला पाणी चढायचं ते इतकं निवळ की माशांच्या सावल्या माशांपेक्षा आधी दिसाव्यात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गाडीतून उतरून थेट काठाशी गेले. आता तिथे कालवे काढून बंगले बांधले आहेत, दिव्यांची रांग आहे, आईस्क्रीमची गाडी आहे. तेव्हा वाळू, पाणी आणि टेकाडापलीकडे एक छोटी मशीद, एवढंच होतं.

बाप्यांची तिथे पैज लागायची. ज्याचा मासा सगळ्यात भारी तो राजा. ज्याला सगळ्यात कमी मिळेल त्याने डेग घासायची. दर शुक्रवारी डेग अब्बाच घासायचे. दाऊदचाचांकडे चकतीची महागडी काठी होती, शिवाय वजनाचा काटासुद्धा आणायचे, म्हणजे बढाई मारताना आकडा पक्का असावा. अब्बांकडे चाचांचीच जुनी काठी. सगळे कोलंबी लावून गळ लांब खोल पाण्यात फेकायचे, आणि त्यांच्या पायाखालून, अगदी काठालगत, बोयांचे थवे जायचे. इथे त्यांना मैद म्हणतात. निळसर पाठ, चपटं डोकं, पाण्याच्या वर तोंडं काढून मुचमुच करत चालल्या आहेत.

"दाऊदमियां, ह्या पकडा की," अब्बा एकदा म्हणाले.

"बोय गळाला लागत नाय, शिंपीमहाराज. ती शेवाळ चाटनारी. जाळ्याची मासळी ती. तू आपला काज-बटनं कर, आनि डेग नीट घास, मागल्या खेपेला करपट वास येत होता."

सगळे हसले. अब्बाही हसले. मी चटईवर कांदा चिरत होते, आणि मला माहीत होतं की दाऊदचाचा चुकताहेत. बोय कोलंबी खात नाही, पण पिठाचा गोळा खाते. फुफूने माझ्यासमोर शेकडो काढल्या होत्या. खाडीकाठच्या गावातले हे सगळे बाप्ये, आणि एकालाही ठाऊक नव्हतं, कारण वहाळाकडे ते कधी फिरकलेच नव्हते.

त्या पहिल्या शुक्रवारी मी एवढंच केलं की ताटांतला उरलेला भात उचलला, लांब एका वळणाशी नेला आणि मुठीमुठीने पाण्यात सोडला. चारा लावला म्हणजे मासा ती जागा लक्षात ठेवतो. परतताना खजुराची एक वाळलेली झावळी पडली होती, ती उचलून गाडीत टाकली. "पोरीला झाडू करायचाय वाटतं," खैरूनचाची म्हणाली. चाची म्हणजे दाऊदचाचांची बायको, जिच्यासोबत मी जाणार होते ती.

आठवडाभर अब्बा खाली आणि मी वर, दोघंही शिवणाच्या सामानाशी खेळत होतो म्हणायला हरकत नाही. हातशिलाईची एक जाड सुई मी गॅसवर लाल केली, सांडशीने वाकवली आणि पाण्यात बुडवली. पाच मोडल्या तेव्हा एक नीट झाली. बटणं लावायचा पांढरा नायलॉनचा दोरा, अर्धं रीळ, जिन्याखालच्या टोपलीतून घेतला. न विचारता घेतला, हे लिहिताना आजही कान गरम होतात. गॅलरीतल्या कबुतरांनी पिसांची कमी ठेवली नव्हतीच. झावळीचा दांडा सोलून सोलून हलका केला.

दुसऱ्या शुक्रवारी बाप्ये जुम्याच्या नमाजेला टेकाडापलीकडे गेले, तशी मी काठी घेऊन वळणावर गेले. चाऱ्याची जागा माशांनी लक्षात ठेवली होती. पण मी खुबूस, म्हणजे इथली विकतची रोटी, भिजवून मळून आणला होता, आणि मैद्याचं ते पीठ पाण्यात पडलं की भुरभुर विरघळायचं. पीस थरथरायचं, थांबायचं, आणि सुई वर काढली की मोकळी. सात-आठ वेळा तेच. टेकाडावर टोप्या दिसू लागल्या तेव्हा मी काठी वाळूत लपवली. त्या दिवशीही डेग अब्बांनीच घासली. घासताना ते काही गुणगुणत नव्हते, जे ते नेहमी करायचे. परतताना चाची आईला म्हणाली, "पोरीचे कपडे बांधून ठेव गो, पुढल्या शनिवारी सकाळचं विमान हाय."

तिसऱ्या शुक्रवारी पहाटे आई रोट्यांची उकड काढत होती. पाण्याला आधण, त्यात मीठ, वरून तांदळाचं पीठ, झाकण. मग परातीत ओतून गरम-गरम मळायची. ती पाणी प्यायला वळली तेवढ्यात मी लिंबाएवढा गोळा तोडला आणि ओढणीच्या टोकाला बांधला. आई वळली. परातीकडे बघितलं. मग ओढणीच्या गाठीकडे, जिच्यातून वाफ येत होती.

"काय बांधलंस गो?"

मी गाठ मुठीत धरली. चटका बसत होता.

"बघू."

मी गाठ सोडली. आईने गोळा दोन बोटांत दाबला, आणि मग तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मला ती एकदम माझ्याच वयाची वाटली. "एवढ्याने काय होतंय," ती म्हणाली. तिने अजून तेवढाच गोळा तोडला. डब्यातून चिमूटभर सुका जवळा काढून चुरला. आणि आत जाऊन अब्बांच्या सामानातला, दिश्दाशाच्या गळपट्टीत घालायचा कापूस आणला, त्याचे तंतू विंचरून पिठात मळले. "आता पाण्यात घंटाभर ऱ्हाईल. माझी आई असंच करायची." मग इकडेतिकडे बघून, कोणी ऐकत असल्यासारखं, "तुझ्या अब्बाला ठाव नाय मी लग्नाआधी किती बोया काढल्यात ते. बाप्ये हसतात म्हनून कधी बोलले नाय."

त्या दिवशी बाप्यांचं नशीबच रुसलं होतं. सकाळपासून बोटाएवढी दोन-चार. दाऊदचाचांकडे एक तळहाताएवढा मासा होता आणि तेवढ्यावर ते राजे होते. जुम्याची वेळ झाली, सगळे टेकाडापलीकडे गेले. सकाळी मी वाळूतून उकरून सतरंजीखाली ठेवलेली काठी आईने काढून माझ्या हातात दिली. उघडपणे, चाचीच्या देखत.

भरती चढत होती. मी वळणावर उकडीचा चुरा सोडला आणि वाट बघितली. आधी सावल्या आल्या. मग पाण्यावर तोंडं. मी हरभऱ्याएवढी गोळी सुईच्या टोकावर दाबली आणि त्यांच्या वाटेत अलगद ठेवली. पीस उभं राहिलं. ऊन पाठीवर होतं, माझी सावली मागे पडत होती, ते मी बघून घेतलं होतं. पीस थरथरलं. गप ऱ्हा. तिरकं झालं. गप ऱ्हा. मग ते पाण्यात असं गेलं की जणू कधी नव्हतंच, आणि मी मनगट उचललं.

झावळीचा दांडा वाकून अर्धा झाला. दोरा पाणी चिरत खोराच्या वरच्या अंगाला धावला. विकतच्या गरीला उलटा काटा असतो, मासा त्यात अडकून राहतो. माझ्या सुईला तो नव्हता. दोरा एक क्षण सैल पडला की मासा गेला. आणि जोरात ओढलं तर बोयीचा ओठ फाटतो, तरी गेलाच. म्हणून ना सोडायचं ना ओढायचं, तिच्याबरोबर चालायचं. ती वर गेली, मी काठाने वर गेले. ती खाली वळली, मी गुडघाभर पाण्यात उतरून खाली आले. एकदा ती पाण्याबाहेर उडाली आणि तिची चांदी उन्हात अशी लखलखली की चाची चटईवरून उठूनच उभी राहिली.

"सोड गो पोरी! बोटं कापशील!"

"सोडू नको!" आई ओरडली. माझी आई. जी फेरीवाल्यालाही हाक मारत नसे ती. "सोडू नको, हमीदा!"

बोय थकत चालली होती, पण मीही. ती काठाजवळ आली तेव्हा कळलं की हिला दोऱ्याने वर उचलता यायचं नाही, ओठ फाटणार. हाताची जाळी हवी. जाळी बाप्यांच्या सामानात, पन्नास पावलांवर. आई साडीत, वाळूत, पोचणार कधी. तेवढ्यात टेकाडावर पांढऱ्या टोप्या दिसल्या. सगळ्यात पुढे अब्बा, इस्त्रीच्या नव्या कुडत्यात, चपला हातात घेऊन.

मी विचार केला नाही. विचार केला असता तर झालं नसतं.

"अब्बा! जाळी!"

खोराच्या पलीकडून पक्षी उठले एवढ्या मोठ्याने. अब्बा थांबले. त्यांनी मागे वळून बघितलं, कोण कोणाला हाक मारतंय म्हणून. माझा आवाज त्यांना ओळखताच आला नाही. त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता.

"अरे शिंप्या, तुझी पोर!" दाऊदचाचा ओरडले. "तुना बोलावते ती, धाव!"

अब्बा धावले. चपला हवेत, टोपी वाळूत. जाळी उचलली आणि नव्या कुडत्यासकट कमरेएवढ्या पाण्यात आले, धपाधपा, सगळं गढूळ करत.

"तिकडून नको! शेपटीकडून नाय, तोंडाकडून!" हे मी बोलत होते. "खाली धरा. अजून खाली. हलू नका, अब्बा, उभे ऱ्हावा! मी आनते. मी आनते तिला. हलवू नका. आता! उचला!"

अब्बांनी उचललं. जाळीत बोय आली, आणि त्याच क्षणी सुई ओठातून निसटून पाण्यात पडली.

आम्ही दोघं पाण्यातच उभे. अब्बांची दाढी भिजलेली, छाती वरखाली होत होती. ते जाळीत बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा जाळीत. मग त्यांनी माझ्या हातातला दोरा चिमटीत धरून बघितला.

"हा माझा दोरा," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले. "विचारलं नव्हतं. अब्बा, माना पाठवू नका. माना हितंच ऱ्हायचंय."

चार शब्द म्हणून ठेवले होते, बोलायला गेले तर जास्तच निघाले. अब्बांनी जाळी एका हातात धरली आणि दुसरा ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. पाणी माझ्या कपाळावरून ओघळत होतं, त्यामुळे बाकीच्यांना काही कळलं नसेल.

काट्यावर दीड किलोला थोडी वरच भरली. दाऊदचाचांनी काटा दोनदा झटकून बघितला. "कशाला लागली?" ते विचारत राहिले. "सांग की गो, काय लावलंस?" आई चटईवरून म्हणाली, "रोटी लावली, दाऊदभाई. तुम्ही रोज खाता तीच." चाची इतकी हसली की तिला ठसका लागला. आणि घराच्या वतीने मासा धरायचा असं ठरलं, म्हणजे राजा अब्बा. बोय गळाला लागत नाही म्हणाले होते, म्हणून डेग दाऊदचाचांना घासावी लागली. बायकांनी मुद्दाम भात करपू दिला होता असं ते शेवटपर्यंत म्हणायचे. वाळूने खसखसा घासत होते आणि अब्बा बाजूला उभे राहून सांगत होते, "तळाला, दाऊदमियां, तळाला. करपट वास ऱ्हायला नको."

निघताना चाचीने विचारलं, "मग टिकटाचं काय? उद्या सकाळचं विमान हाय ना?"

"कसलं टिकट?" अब्बा हौद्यात चढता चढता म्हणाले. "ती गेली तर मासा कोन पकडील? मी नुसता जाळीवाला."

पुढची सगळी वर्षं ते जाळीवालेच राहिले. माझं लग्न झालं, महबूल्यात घर झालं, मुलं झाली, अब्बांचे केस पांढरे झाले, तरी थंडीतल्या शुक्रवारी ते जाळी घेऊन माझ्या दाराशी यायचे. दुकानात कापड बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला, कुवेती असो की आपला, माप घेता घेता ती गोष्ट सांगायचे. गोष्टीत बोय दरवर्षी अर्ध्या किलोने वाढायची. मी कधी दुरुस्त केलं नाही. ती जाळी आज माझ्या गॅलरीत आहे. सनाला मी उकड मळायला शिकवली आहे. कापूस घालायचा का, हे ती मोबाईलवर बघून पक्कं करते.

त्या रात्रीचं कालवण मला आठवत नाही, मी जेवता जेवताच झोपले म्हणतात. आठवते ती दुसऱ्या दिवशीची दुपार. शनिवार. फरशीचा कंप थांबला. चपला वाजल्या. मी कपाटाआड जाण्यासाठी सवयीने उठलेही होते. एक, दोन, तीन, मी पायऱ्या मोजत गेले, आणि बारावी वाजायच्या आत मी जाऊन दार उघडलं.